आकाशवाणी कोणाला उत्तर देते?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीसाठी विदर्भातून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे स्थायिक झाली. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक. रायपूर केंद्रावरून हिंदी आणि छत्तीसगढी कार्यक्रम ऐकू येत. पण रात्र झाली, की वडील रेडिओचा काटा हळूहळू फिरवून नागपूर केंद्र शोधीत. खरखर फार असे. तरीही बातम्या संपेपर्यंत घरात कोणी बोलत नसे.

ही वाणी सरकारची की लोकांची, हा प्रश्न तेव्हा आम्हांला पडला नव्हता. १९७५ च्या आणीबाणीत ती केवळ सरकारचीच भाषा बोलू लागली आणि हा प्रश्न देशापुढे उभा राहिला. १९७८ मध्ये बी. जी. वर्गीज समितीने स्वायत्त संस्थेची शिफारस केली. १९९० मध्ये संसदेने प्रसार भारतीचा कायदा संमत केला. तो अमलात यायला मात्र १९९७ साल उजाडले. दरम्यान, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला होता.

मालमत्ता लोकांची असेल, तर तिच्यावर लोकप्रतिनिधींची नजर हवी. कायद्याच्या कलम १३ मध्ये तशी तरतूद आहे. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७, अशा २२ खासदारांच्या समितीने प्रसार भारती आपली उद्दिष्टे पाळते की नाही हे पाहावे आणि संसदेला अहवाल द्यावा, असे ते कलम सांगते. ही समिती कधी अस्तित्वात आलीच नाही.

खासदार आले, की राजकारण येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु कर्मचाऱ्यांचे वेतन केंद्र सरकारच्या अनुदानातून होते, काही बाबतींत निर्देश देण्याचा अधिकारही सरकारला आहे. मग राजकारण आज दूर आहे असे कसे म्हणावे? सभागृहांनी निवडलेल्या समितीत विरोधी पक्षही असतील. मंत्रालयाच्या बंद दालनापेक्षा मला ते अधिक सुरक्षित वाटते. संसदेची स्थायी समिती मंत्रालयाच्या मागण्या तपासते हे खरे. पण तिच्यापुढे इतर विषयांचीही गर्दी असते.

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. श्रोते आणि पत्रकार संतापले, राजकीय नेत्यांनी दिल्लीशी संपर्क साधला आणि निर्णय स्थगित झाला. बरे झाले. पण पुण्याचा आवाज दिल्लीत पोहोचतो. एखाद्या लहान केंद्राची वेळ कमी केली, तर तेथील श्रोत्यांनी कोणाचे दार ठोठवावे?

यंदा दुर्गच्या खासदारांना मी पत्र लिहिले आहे. कलम १३ ची समिती केव्हा स्थापन होणार, एवढेच त्यात विचारले आहे.