उड्यांचा हिशेब

‘उड्या मारायला पैसे देतेस?’ आमच्या ऑफिसातल्या ट्रेडमिल-भक्ताचा सवाल. बॉस, देते! आठवड्यातून दोनदा, टीपॉयएवढ्या गोल ट्रॅम्पोलिनवर, कान फाटेल अशा म्युझिकच्या तालावर. पण त्याचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नव्हता. दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या आपल्यासारख्यांच्या हृदयाला यातून काही मिळतं, की नुसतीच धमाल?

हे अमेरिकेत मोजून झालंय. विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठाने २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत २४ कॉलेजवाल्यांना १९ मिनिटं मिनी ट्रॅम्पोलिनवर नाचवलं. हृदयाचे ठोके सरासरी कमाल मर्यादेच्या ७९ टक्क्यांवर. ७७च्या पुढे गेलं की जोरकस व्यायाम धरतात. म्हणजे पास, तेही फर्स्ट क्लासात! खरी गंमत पुढेच. किती दमलात, विचारलं तर पोरं म्हणाली, हलकं ते मध्यम.

हृदय पळतंय आणि आपल्याला पत्ताच नाही. खाली येताना धक्का जाळी झेलते, पाय ठणकत नाहीत. म्हणून नुसत्या ‘वाटण्या’वर जाऊ नका. बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण किंवा जुना मुरगळलेला घोटा असेल तर आधी डॉक्टर, मग उड्या.

उलटाही प्रकार असतो. मागच्या रांगेत काही जण नुसते हिंदकळत असतात. तिथे काम जाळी करते, आपण फुकटे प्रवासी. उंच उडायच्या नादाला लागू नका. जाळी खाली दाबा, गुडघे वर उचला. मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन मागायला लागले की ठोके आपोआप चढतात. तपासायचा सोपा फंडा: बोलता येतंय पण गाता येत नाही, तर मध्यम. चार शब्दांत धाप लागते, तर जोरकस. आकडाच हवा? २२० वजा वय. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचे कमाल ठोके अंदाजे १९२, त्याचे ७९ टक्के म्हणजे साधारण १५२. (अंदाजेच हं, दहाएक ठोके इकडेतिकडे सहज होतात.)

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान ७५ मिनिटं जोरकस किंवा १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आमचा क्लास पाऊण तासाचा, पण वॉर्म-अप, कूल-डाउन आणि पाण्याचे ब्रेक वजा जाता खऱ्या उड्या अर्धा तास. दोन क्लासचे ६०. पंधरा मिनिटं कमी पडतात, म्हणजे तीस मिनिटं भरभर चालणं. ती मी स्टेशन ते ऑफिस वसूल करते. शेअर रिक्षाचे पैसे वाचतात, ते वेगळंच.