कचऱ्याची वाघीण कुणी जपली?

पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेटीचे छाप जमवणारे आपल्यातही असतात. खेळण्यातल्या मालगाडीच्या जुन्या वाघिणी जमवणारेही जगात पुष्कळ आहेत. एक वाघीण मिळाली म्हणून ते थांबत नाहीत. तीच वाघीण, पण अक्षर वेगळे, रंग वेगळा, कपलिंग वेगळे, असे तिचे सगळे प्रकार त्यांना हवे असतात. कुणी याला वेड म्हणेल. आम्हाला त्यात चोख हिशेबनिसाची नजर दिसते.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० साली पत्र्याच्या आगगाड्या काढल्या. १९२३ साली तिथल्या बहुतेक रेल्वे कंपन्या एकत्र येऊन चार मोठ्या कंपन्या झाल्या. तशी खेळण्यावरची अक्षरेही बदलली. वाघिणीवर ‘एल.एन.डब्ल्यू.आर.’ असेल तर ती आधीच्या घडणीची, ‘एल.एम.एस.’ असेल तर नंतरची. तेलाच्या टाकीवर ‘शेल’, ‘बी.पी.’ अशी तेल कंपन्यांची नावे येत. जाणकार माणूस वाघीण उलटी करून चाके आणि कपलिंग पाहतो व तिचे साल सांगतो. मूळ रंग थोडा उडालेला चालतो, पण नव्याने रंगवली तर किंमत उतरते.

असल्या वस्तू आपल्या पगारात बसणाऱ्या नव्हेत. पण खेळण्यातली रेल्वे पाहायची तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांच्या छंदातून ते १९९८ साली उभे राहिले. मुलांना एकदा जरूर दाखवावे.

खऱ्या वाघिणींची नोंद मात्र फुकटात होते. आज प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे तिचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे. मध्य रेल्वेचा ०१. मग दोन आकडे बांधणीच्या सालाचे, त्यानंतर चार अनुक्रमांकाचे. अकरावा आकडा पडताळ्याचा. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा यांची बेरीज तिप्पट करा. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा त्यात मिळवा. आलेली बेरीज दहाच्या पुढच्या पटीला न्यायला जितके कमी पडतील, तोच शेवटचा आकडा. मुलांनी प्लॅटफॉर्मवर उभे राहून नंबर उतरवावा, रुळांत उतरू नये. गणित घरी येऊन करावे.

आता आपल्या दारातली गोष्ट. कुर्ला ते चेंबूर हा एकेरी मार्ग १९०६ साली घातला गेला, तो शहराचा कचरा वाहून आणण्यासाठी. प्रवासी गाडी त्यावर १९२४ साली सुरू झाली. म्हणजे या भागात रेल्वेने आधी कचरा आला, मग माणूस. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. गोवंडीत आजही त्याचा धूर नाकात जातो.

तेलाच्या टाकीचे एकेक प्रकार लोकांनी काचेच्या कपाटात जपले. कचऱ्याच्या वाघिणीचा एकही नमुना आमच्या पाहण्यात नाही. ती भरणारे आणि उपसणारे कोण होते, हे वेगळे सांगायला नको. शहराची घाण ज्यांच्या माथी मारली गेली, त्या समाजांचीच ती माणसे. ज्याला कपाट मिळते त्याचा इतिहास राहतो. बाकीच्यांचे भंगार होते.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी कुणी पालिकेच्या सफाई खात्यात किंवा रेल्वेत होते, त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारावे. वाघीण उघडी होती की झाकणाची? रंग कोणता, अक्षरे कोणती? कचरा फावड्याने काढत की पाटीने? मजुरी किती मिळे? ऐकाल ते वहीत लिहा, सांगणाऱ्याचे नाव आणि साल टाका. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एकही खोडू नका. संग्रहात फरकालाच मोल असते.

अशा दहा वह्या भरल्या, तर त्यांवरून आपली मुले पुठ्ठ्याची का होईना, पण कचऱ्याची वाघीण बनवतील. तिला ठेवायला आपल्या वाचनालयातले एक कपाट पुरे आहे.