खोलीचा भाव कोण ठरवतो?

दिवेआगर, गुहागर, मालवणकडे घरातल्या तीन-चार खोल्या पर्यटकांना देणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: बुकिंगच्या ॲपशी केलेला करार शेवटपर्यंत वाचा. कमिशनचा आकडा सगळेच बघतात. पण दुसऱ्या कुठल्याही ॲपवर याहून कमी दर लावायचा नाही, अशी अट आत कुठे दडली आहे का, ते शोधा.

ही अट वाटते तेवढी साधी नाही. उद्या एखादं नवं ॲप निम्म्या कमिशनवर काम करायला तयार झालं, तरी तुम्ही तिथे खोली स्वस्त देऊ शकत नाही. स्वस्त मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही, आणि ते ॲप बंद पडतं. मग जुन्या ॲपने कमिशन वाढवलं तर तुम्ही जाणार कुठे?

2022 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने इतर कारणांबरोबर याच अटीवरूनही मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटींचा दंड केला आणि अट करारांतून काढायला सांगितली. ओयोलाही 168.88 कोटींचा दंड झाला, पण वेगळ्या कारणाने: ओयोशी झालेल्या समझोत्यामुळे मेकमायट्रिपवरून ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स ही प्रतिस्पर्धी नावं हटवली गेली होती. या आदेशाविरुद्ध अपील झालं, हेही सांगितलं पाहिजे. पण प्रकरण आयोगापुढे नेलं ते हॉटेलवाल्यांच्या संघटनेने, हे विसरू नका.

कंपनी मोठी असणं हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर अन्याय्य अटी लादणं 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 4 ला मंजूर नाही. आयोगाकडे कुणीही जाऊ शकतं: व्यावसायिक, ग्राहक, संघटना. शुल्क भरावं लागतं, आणि घटनेपासून 3 वर्षांच्या आत जावं लागतं. ॲपवरून नाव उडेल या भीतीने गप्प बसला असाल, तर आपली ओळख गुप्त ठेवण्याची लेखी विनंती करता येते. तरीही एकट्याने जाऊ नका. गावातल्या दहा-पंधरा घरांनी मिळून करार, कमिशनची बिलं, आलेले ईमेल एकत्र करा आणि एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा. तोंडी तक्रारीला तिथे फारसं वजन नाही.

पर्यटकांनो, ॲपवर खोली जरूर शोधा, पण पैसे भरण्याआधी दुसऱ्या ॲपवरचा दर बघा, आणि नंबर मिळाला तर घरमालकाला एक फोन करा.