जुनी बंदूक काय सांगते?

इतिहास म्हटला की आपल्यापुढे सनावळ्या, तह आणि लढाया येतात. वस्तुसंग्रहालयातील जुन्या बंदुकीसमोर मात्र आपण क्षणभरही थांबत नाही. वस्तुतः बंदूक हाही एक दस्तऐवज आहे आणि तो वाचायला आपण शिकले पाहिजे.

१८५७ च्या उठावातील चरबीच्या काडतुसांची हकिकत आपण सर्वांनी वाचली आहे. ती काडतुसे १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीची. तिच्या नळीत आतून तीन मळसूत्री खाचा होत्या. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाई आणि दूरवर नेमकी लागे. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांसाठी १८५८ चा नवा नमुना काढला. दिसायला तशीच बंदूक, पण नळी आतून गुळगुळीत, नेम जवळचाच. त्याच वर्षी राणीच्या जाहीरनाम्याने समान वागणुकीची ग्वाही दिली होती! जाहीरनामा आपण पाठ करतो. नळीत डोकावत नाही.

पुढे ली-एनफील्ड ही .३०३ रायफल आली. तिच्या पेटीत दहा काडतुसे मावत. इशापूरच्या कारखान्यात याच रायफलीपासून पोलिसांसाठी .४१० मस्केट तयार झाली. नळी गुळगुळीत, एका वेळी एकच बार. जमाव पांगवायला कमी पल्ल्याची बंदूक बरी, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पण परक्या सत्तेला आपल्याच शिपायाची धास्ती होती, हेही विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले. पोलिसांच्या खांद्यावरची बंदूक मात्र लवकर बदलली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांपुढे आपले पोलीस जुन्या .३०३ रायफली आणि लाठ्या घेऊन उभे होते. समोरून गोळ्यांची सरबत्ती. इकडे प्रत्येक बारानंतर हाताने खटका मागेपुढे ओढायचा. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तर या रायफलीला २०२० साली निरोप दिला. इंग्रजांनी अविश्वासापोटी शिपायाला दुय्यम शस्त्र दिले. आपण ते बेफिकिरीने त्याच्या हाती राहू दिले. त्याच्या वाट्याला आले ते एकच.

शस्त्रांचे गोडवे गावेत, असे माझे म्हणणे नाही. परंतु इतिहासाच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी एखादी जुनी बंदूक अवश्य दाखवावी. ती कोणी बनवली, एवढ्यावरच न थांबता ती कोणाच्या हाती दिली आणि कोणाच्या हाती दिली नाही, हेही आपण विचारावे.