घोड्याचे कान जिकडे, आपण तिकडे!

बालदोस्तांनो,

माथेरानला गेल्यावर तुमचा पहिला हट्ट कोणता असतो? "घोड्यावर बसायचं!" बरोबर ना? आमच्या पाचवीच्या मुलांनीही सहलीत हाच गलका केला होता. पण आज मी घोड्यावर बसण्याची नाही, घोड्याबरोबर चालण्याची गंमत सांगणार आहे.

माथेरान साधारण आठशे मीटर उंचीवर आहे. तुमची मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे तांबड्या मातीची, झाडीतली वाट. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. हल्ली काही ई-रिक्षा आल्या आहेत, पण घोडे आणि पायी चालणारी माणसं हीच या वाटेची खरी ओळख.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. (नाव सांगणार नाही, तसं वचन दिलंय त्याला!) तो एका जागी पाच मिनिटंसुद्धा बसत नाही. मी त्याला नेहमी म्हणायची, "अरे, घोड्यासारखा उधळू नकोस!" त्या दिवशीही तो पुढे-मागे धावत होता. धावता धावता एका घोड्याच्या अगदी मागे गेला.

"बाळा, मागून नको!" घोडेवाले काका ओरडले. "त्याला तू दिसत नाहीस. घाबरला तर लाथ मारेल. ये, माझ्याबरोबर खांद्यापाशी चाल."

मुलांनो, घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून त्याच्याजवळ जायचं ते बाजूने, हळू, आणि आवाज देत.

लगाम काकांच्याच हातात होता. ते म्हणाले, "आता बोलायचं नाही. फक्त त्याच्या कानांकडे बघ. तो जिकडे कान करेल, तिकडे तू ऐक."

झालं! स्वारी गप्प! घोड्याचा उजवा कान वळला. झाडीत शिपाई बुलबुल बोलत होता. डावा कान मागे गेला. मागे माकडांनी फांदी हलवली होती. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे फिरतो, हे त्या दिवशी मीही पहिल्यांदा नीट पाहिलं.

मग दोन्ही कान एकदम पुढे ताठ झाले आणि घोडा थांबला. आम्हांला काहीच ऐकू येत नव्हतं. "बाई, बाजूला व्हा!" तो मुलगा हळूच म्हणाला. आम्ही सगळे कडेला झालो. थोड्याच वेळात वळणावरून सामानाने लादलेली हातगाडी खडखडत उतारावरून आली.

परतताना तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, घोडा उगाच नाही उधळत. त्याला आधी काहीतरी ऐकू येतं. मलापण वर्गात सगळं एकदम ऐकू येतं."

मी काय बोलणार? इतक्या वर्षांत मी त्याला हे विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." सोमवारी त्याची जागा रस्त्याकडच्या खिडकीजवळून काढून फळ्याजवळ केली. चुळबुळ अजून आहे हं! पण ते वाक्य मी पुन्हा म्हटलेलं नाही.

आता तुमचा गृहपाठ. घोडा असेल तर उत्तम, नसेल तर घरचा बैल किंवा गाय चालेल. मात्र मालकाला विचारून आणि त्याच्या सोबतीनेच. जनावराच्या बाजूने, हातभर अंतर ठेवून दहा मिनिटं चाला. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका. जनावर ओढलं, तर हात अडकतो. घोडा असेल तर त्याच्या खुरांचे ठोके मोजा. चालीत चालणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकामागून एक पडतात : टप, टप, टप, टप. आणि कान वळले, की तुम्हीही ऐका.

काय काय ऐकू आलं, ते वहीत लिहा आणि मला पत्राने कळवा. एरवी कधीच ऐकू न आलेली निदान एक गोष्ट त्यात असायला हवी. बघू, कोणाला सापडते ती!

तुमची,
बाई