आधी मुद्दा सांगा

ऑनलाइन बातमीने किंवा लेखाने पहिल्या दोन वाक्यांतच मुद्दा सांगावा. तो मुद्दाम मागे ठेवला तर वाचक नाडला जातोच, पुढे पोर्टलचेही नुकसान होते. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या हप्त्याच्या बातम्या पाहा. वाचणारीला पैसे कधी जमा होणार, एवढेच हवे असते. इंट्रोत, म्हणजे सुरुवातीच्या ओळींत, मात्र ‘महत्त्वाची अपडेट समोर आली आहे’ असे मोघम वाक्य असते. मग योजना २०२४मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये मिळतात, ही तिला तोंडपाठ असलेली माहिती येते. जाहिराती ओलांडत शेवटी पोहोचल्यावर कित्येकदा कळते, की तारीख अजून जाहीरच झालेली नाही. हेच वाक्य पहिले असते तर तिचा वेळ वाचला असता आणि पोर्टलची पतही राहिली असती. वेबवापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या १९९७च्या पाहणीत ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळताना आढळले. शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे १६ टक्के होते. पुढे २००६मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा नजर वरच्या ओळींवर जास्त फिरते आणि खाली विरळ होत जाते, असे दिसले. म्हणजे शेवटी ठेवलेला मुद्दा बहुतेकांच्या नजरेस पडतच नाही.

सगळे आधीच सांगितले तर पुढे कोण वाचेल, हा आक्षेप ठरलेला. पण काय झाले हे कळल्यावरच ते का झाले आणि आपल्यावर काय परिणाम होणार, हे प्रश्न पडतात. खरे वाचन तिथून सुरू होते. दडवादडवीने क्लिक मिळतो, वाचक मिळत नाही. लिंक उघडून लगेच परतणारे लोक ही फसव्या मथळ्याची खूण मानून फेसबुकने २०१४मध्येच अशा पोस्ट मागे टाकायला सुरुवात केली होती. ललित लेखनाला सावकाश सुरुवात शोभते, हे मान्य. तिथे वाचक माहितीच्या घाईने आलेला नसतो. मतप्रदर्शनाला मात्र ही सवलत नाही. १८९७मध्ये टिळकांनी अग्रलेखात ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असे विचारले, तेव्हा मथळा प्रश्नार्थक असूनही त्यांची बाजू त्यातच उघड होती. म्हणून संपादकांनी साधी कसोटी लावावी: फक्त इंट्रो वाचून वाचकाला दुसऱ्याला बातमी सांगता येते का? येत नसेल, तर मजकूर प्रसिद्ध न करता इंट्रो पुन्हा लिहून घ्यावा.