बाहुलीचे केस रंगविताना
मागणीवरून घडविलेल्या बाहुलीचा केसांचा टोप घरी रंगविताना पहिला प्रश्न रंगाचा नसून तंतूचा असतो. आतल्या बाजूची बारीक बट कापून चिमट्याने ज्योतीवर धरली की उलगडा होतो. मोहेअर, म्हणजे अंगोरा शेळीची कातरलेली लोकर, केस जळल्याच्या वासासह ठिसूळ राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो आणि त्यावर आम्लरंग चढतच नाही. मोहेअरला तोच रंग, पांढरे व्हिनेगर आणि मंद आच पुरते. उकळी नको, ढवळाढवळ तर नकोच. लोकरीचा गोळा होतो आणि आगाऊ घेतलेली रक्कम परत करावी लागते. पाणी निवळले की टोप त्यातच थंड होऊ द्यावा. ते भांडे, कितीही घासले तरी, स्वयंपाकासाठी पुन्हा वापरू नये. ग्राहकाला नमुना दाखवावा तो वाळल्यावरच. ओले केस गडद दिसतात.